रोज सकाळी टेकच्या पाच बातम्या: कशा निवडायच्या, कशा तपासायच्या आणि खाली दोन ओळी कशा लिहायच्या

आमच्या ऑफिसात यंदा नवीन लागलेली काही पोरं आहेत, त्यातल्या दोघांनी परवा डबा खाताना विचारलं की तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर ज्या पाच लिंका आणि त्याखाली दोन-दोन ओळी टाकता ते आम्हालाही करायचंय, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, इतकं काही अंगावर येतं की वाचून होईपर्यंत दुपार होते आणि संध्याकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. मी हे गेली सहा वर्षं करतोय, डोंबिवली ते घाटकोपर लोकलमध्ये आणि पुढे मेट्रोत, आणि तोंडी जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, पन्नास बातम्या वाचायची काही गरज नाही. पाच बातम्या मुळापासून वाचा आणि तीन महिन्यांनी त्यांचं काय झालं ते परत बघा, एवढं जमलं तर बाकीचं आपोआप येतं.

पायरी १: वेळ ठरवा, आणि सकाळचीच ठरवा

अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात रात्री दीडला आणि हिवाळ्यात अडीचला बंद होतो, आणि तिकडच्या बऱ्याच मोठ्या टेक कंपन्या तिमाही निकाल त्यानंतरच सोडतात. कॅलिफोर्नियात सकाळी दहाला कार्यक्रम असला की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा. म्हणजे आपण झोपलेलो असताना तिकडचं सगळं घडून गेलेलं असतं आणि सकाळी सातला आपल्या हातात जवळपास पूर्ण बातमी असते, तिची पहिली घाईघाईची आवृत्ती नाही. जागरण करू नका, मी दोन वर्षं केलं आणि त्यातून एकही बातमी जास्त कळली नाही. अर्धा तास पुरे. दिवसभर मात्र बघायचं नाही, दुपारी काही मोठं घडलं तर ते उद्या सकाळच्या पाचात येईल.

पायरी २: पंधरा ठिकाणं निवडा, त्यातली दहा मूळ कागदाची

फीड रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइटवरचं नवीन लिखाण एका जागी आणून देणारं अॅप, अजून जिवंत आहे. गुगलने त्यांचा रीडर १ जुलै २०१३ ला बंद केला तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं फीड संपले, पण भरपूर न्यूज साइटना आजही फीड असतो, कुठलंही फुकटचं रीडर अॅप घ्या आणि त्यात टाका. ज्यांना फीड नाही त्यांचे बुकमार्क एका फोल्डरमध्ये ठेवा.

नवीन माणूस काय करतो, तर पंधराच्या पंधरा न्यूज साइट टाकतो, आणि मग एकच बातमी पंधरा वेळा वाचतो. न्यूजवाल्या पाच ठेवा. बाकी दहा ठेवा जिथून बातमी जन्माला येते: रिझर्व्ह बँकेची पत्रकं, यूपीआय चालवणारी एनपीसीआय, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी, टेलिकॉमचे नियम बघणारी ट्राय, सरकारी पत्रकं काढणारं पीआयबी, सायबर सुरक्षेसाठी सर्ट-इन, शेअर बाजाराच्या साइटवरच्या कंपन्यांच्या घोषणा, आणि दोन-तीन मोठ्या कंपन्यांची स्वतःची न्यूजरूम. शेअर बाजारावर लिस्टेड असलेल्या कंपनीला महत्त्वाची गोष्ट बाजाराला कळवावीच लागते, त्यामुळे बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की ते पत्र सापडतं, फुकट, कुणालाही. अमेरिकन कंपनी असेल तर तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, साइटवर तसंच.

आपण मुंबईत बसून टेक बातमी म्हणजे बंगळुरू नाहीतर सॅन फ्रान्सिस्को असं धरून चालतो हे मला मनापासून खटकतं. पैशाशी संबंधित प्रत्येक अॅपचे नियम ठरवणारी रिझर्व्ह बँक फोर्टात आहे, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि सेबी दोन्ही बीकेसीत आहेत, समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात, आणि १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू करणाऱ्या विदेश संचार निगमचं मुख्यालयही फोर्टातच होतं. आपल्या शहरात घडणारी बातमी आपण तिकडच्या साइटवरून का वाचायची?

पायरी ३: हेडिंगमधलं क्रियापद बघा

हेडिंग वाचलं की नाव आणि आकडा सोडा, क्रियापदावर बोट ठेवा. केलं, करणार, करण्याच्या तयारीत, करू शकते, चर्चेत आहे. यातलं फक्त पहिलं घडलेलं आहे. "अमुक कंपनी तमुकला विकत घेण्याच्या चर्चेत, सूत्रांची माहिती" अशी बातमी आली की आपल्या ग्रुपांवर लगेच वाद सुरू होतो की आता त्या अॅपचं काय होणार, नोकऱ्यांचं काय होणार, बाजारात तुरी नि भट भटणीला मारी.

२०२५ च्या जूनमध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला तेव्हा "आलं एकदाचं" असे मेसेज मी स्वतः मोजून अकरा पाहिले. मिळाला होता परवाना. त्यानंतर अवकाश नियामकाची मंजुरी, जी जुलैमध्ये मिळाली, मग स्पेक्ट्रम म्हणजे सिग्नलसाठीच्या रेडिओ लहरी, जमिनीवरची स्टेशनं, सुरक्षेच्या तपासण्या, दर, आणि मग कुठे तुमच्या गावच्या घराच्या पत्र्यावर ती डिश. माझ्या त्या दिवशीच्या दोन ओळींत मी फक्त एवढंच लिहिलं होतं की ही पायरी कितवी आणि पुढे कुठल्या राहिल्यात.

पायरी ४: मूळ कागद उघडा, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी

३१ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घालणारं पत्रक काढलं. दुसऱ्या दिवशी रात्री मी डोंबिवली पूर्वेला उतरलो, नेहमीच्या मावशीकडे मेथी घ्यायला थांबलो, तर तिच्या वजनकाट्याला टेकवलेला क्यूआरचा पुठ्ठा दिसेना. विचारलं तर म्हणाली, "पेटीएम बंद झालंय ना भाऊ, आता रोख द्या." पुठ्ठा तिने गोणीखाली सरकवून ठेवला होता. शेजारच्या नारळवाल्याने तिला मोबाइलवर आलेला मेसेज वाचून दाखवला होता आणि त्यात खाती गोठवली, पैसे बुडाले असं बरंच काही होतं.

पत्रक माझ्याकडे सेव्ह होतं, मी तिथेच उभं राहून तिला मराठीत सांगितलं. निर्बंध बँकेवर आहेत. २९ फेब्रुवारीनंतर त्या बँकेच्या खात्यात, वॉलेटमध्ये नवीन पैसे घेता येणार नाहीत. आधीचे पैसे काढायला, वापरायला मुभा आहे. मग तिला विचारलं, मावशी, क्यूआरचे पैसे तुमच्या कुठल्या खात्यात जमा होतात? म्हणाली, माझं सरकारी बँकेतलं जुनं खातं आहे, लेकाने जोडून दिलंय. म्हटलं मग घाबरू नका, खातं त्या बँकेत नाही, आणि अजून महिना हातात आहे, पुठ्ठा बाहेर काढा. तरी त्या दिवशी क्यूआरचं नेमकं काय होणार ते पत्रकात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, म्हणून पुढचं ठामपणे काही बोललो नाही. १६ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने प्रश्नोत्तरं काढली, मुदत १५ मार्चपर्यंत वाढवली, आणि त्यात साफ लिहिलं होतं की क्यूआर किंवा साउंडबॉक्स दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला असेल तर तो चालूच राहील. त्या रात्री मी तिला पुन्हा जाऊन सांगितलं.

हे मी लांबण लावून सांगतोय कारण त्या पंधरवड्यात अॅप, वॉलेट, बँक आणि कंपनी या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठीत दोन ओळींत सांगणारं कोणी हवं होतं, आणि ती माहिती इंग्रजी पत्रकात सगळ्यांसमोर पडलेली होती. मूळ कागदात तीन गोष्टी शोधायच्या: कोणाला लागू, कधीपासून, आणि काय वगळलंय. ही वगळलेली ओळ बातमीत बहुतेक वेळा येत नाही.

पायरी ५: आकडे आपल्या भाषेत आणा

१ मिलियन म्हणजे १० लाख. १ बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच १ अब्ज. १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण घाईत बिलियनचं कोटी करणारे खूप आहेत आणि तिथे चूक थेट शंभरपटीची होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा व्यवहार ४४ अब्ज डॉलरला झाला, म्हणजे ४,४०० कोटी डॉलर, तेव्हाच्या ८२ च्या आसपासच्या दराने साधारण ३.६ लाख कोटी रुपये. आता हा आकडा डोक्यात बसतो.

मग विचारायचं की हे पैसे कोणाला मिळाले आणि कशात मिळाले. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सअॅप १९ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं, त्यातले रोख फक्त ४ अब्ज होते, १२ अब्जांचे शेअर आणि उरलेले ३ अब्ज संस्थापक आणि कर्मचाऱ्यांना पुढे हळूहळू मिळणारे शेअर. वर्षाच्या शेवटाकडे व्यवहार पूर्ण होईपर्यंत फेसबुकचा शेअर चढला आणि तीच किंमत २२ अब्जांच्या जवळ गेली. आयपीओचंही, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्याचंही, तेच, पेटीएमचा २०२१ चा आयपीओ १८,३०० कोटींचा, पण कंपनीत नवीन आलेले त्यातले ८,३००, बाकी १०,००० कोटी आधीच्या भागधारकांनी आपले शेअर विकून घेतले. आणि व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची धरलेली एकूण किंमत. एखाद्याने ५ टक्क्यांसाठी ५० कोटी दिले की हेडिंग होतं "हजार कोटींची कंपनी", पण बँकेत आलेत ५० कोटीच.

तिमाहीचा घोळ वेगळा. आपल्याकडची पहिली तिमाही एप्रिल ते जून, मायक्रोसॉफ्टचं वर्ष जुलैला सुरू होतं, अॅपलची पहिली तिमाही ऑक्टोबर ते डिसेंबर, जेव्हा तिकडे सणाची खरेदी असते. त्यामुळे तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

टक्केवारी दिसली की ती कशाची टक्केवारी ते शोधा. २०२५ च्या जुलैत एका रविवारी टीसीएस वर्षभरात सुमारे २ टक्के लोक कमी करणार अशी बातमी आली, सोमवारी आमच्या डब्यात त्याचे ठाण्यापर्यंत ५० हजार झाले होते, आणि ज्यांच्या घरात कोणी तिथे आहे ते गप्प बसून ऐकत होते. जूनअखेर कर्मचारी होते सुमारे ६ लाख १३ हजार, हे कंपनीच्याच निकालात छापलेलं होतं. त्याचे २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या थोडं वर. १२ हजार घरांसाठी हा आकडा लहान नाहीच, म्हणून तर तो बरोबर सांगायला हवा.

पायरी ६: कायद्याची बातमी असेल तर स्टेशन ओळखा

मसुदा, विधेयक, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही, नियम, राजपत्रात अधिसूचना, आणि प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख. गाडी यातल्या कुठल्या स्टेशनात उभी आहे ते लिहिल्याशिवाय कायद्याची बातमी पाठवू नका. खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा बघा: गोपनीयता हा मूलभूत हक्क असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं, विधेयक आलं डिसेंबर २०१९ मध्ये, ते मागे घेतलं ऑगस्ट २०२२ मध्ये, नवा कायदा झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आणि पक्के नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना पुढे १८ महिने. या आठ वर्षांत "आता तुमचा डेटा सुरक्षित" हे हेडिंग मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही.

आणि उलटंही होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. आपल्याच मुंबईतल्या ड्रीम११ ला पैशाच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. तीन दिवस. त्यामुळे "कायदे कुठे होतात लवकर" असं धरून बसू नका, तारखा बघा.

पायरी ७: काही कोसळलं तर पहिले काही तास कारण लिहू नका

१९ जुलै २०२४ ला जगभर कॉम्प्युटरच्या स्क्रीन निळ्या पडल्या, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, आणि सुरुवातीला जिकडे तिकडे सायबर हल्ला, मायक्रोसॉफ्ट बंद असंच चाललं होतं. निघालं काय, तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने सोडलेला सदोष अपडेट. मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं त्याप्रमाणे सुमारे ८५ लाख मशिन अडकली, म्हणजे विंडोजवाल्या एकूण मशिनच्या १ टक्क्याहूनही कमी. अशा दिवशी लिहायचं ते इतकंच: काय बंद आहे, कधीपासून, कंपनीने काय म्हटलंय, कारण अजून कळलेलं नाही. या शेवटच्या वाक्याची लाज वाटू देऊ नका.

एआयच्या बातम्यांना एकच प्रश्न, चाचणी कोणी घेतली. मॉडेल बनवणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासला असेल तर तसं लिहा. फोनच्या रिव्ह्यूंचं म्हणाल तर एकाच मिनिटाला दहा रिव्ह्यू बाहेर पडले की समजा कंपनीने वेळ ठरवून दिली होती, आठवडाभर थांबा.

पायरी ८: आता दोन ओळी, फार तर तीन

पहिली ओळ: काय घडलं, आकडा आणि तारखेसकट. दुसरी: हे कोण सांगतंय. तिसरी: तुम्हाला काय वाटतं, आणि ती "मला वाटतं"नेच सुरू करा म्हणजे वाचणाऱ्याला माहिती कुठे संपली ते कळतं. नमुना देतो, यूपीआयचा ऑगस्ट २०२५ चा आकडा आला तेव्हाचा. ग्रुपवर सगळीकडे फिरत होतं "यूपीआयने इतिहास घडवला, अभिमान वाटतो". अभिमान मलाही आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? माझं असं होतं:

"यूपीआयवर ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच महिन्याला २,००० कोटींच्या वर व्यवहार, एकूण रक्कम २४.८५ लाख कोटी रुपये. आकडे एनपीसीआयचे. म्हणजे दिवसाला साधारण ६४ कोटी व्यवहार आणि एका व्यवहाराला सरासरी १,२४० रुपये, यात चहाही आला आणि घरभाडंही. मला वाटतं आता बघायची गोष्ट खर्चाची आहे, जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क नाही, तर ही एवढी यंत्रणा चालवायचा भार कोण किती दिवस उचलणार."

लिंक टाकताना मूळ कागदाची आधी आणि बातमीची नंतर. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हापासून पुढे लांबच लांब शेपटी असते, ती बहुतेक वेळा तुम्ही कुठून आलात ते मोजण्यासाठीच असते, ती काढून लिंक उघडते का बघा, उघडली तर तीच पाठवा. पैसे भरून वाचायचा लेख अख्खा कॉपी करून टाकू नका, लिहिणाऱ्याचं पोट त्यावर आहे, सार सांगा. बातमीवर कुठेतरी बारीक अक्षरात प्रायोजित किंवा पार्टनर असं लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे, घ्यायची नाही. आणि ज्या कंपनीत तुम्ही काम करता किंवा जिचे शेअर तुमच्याकडे आहेत तिच्यावर लिहिताना तसं सरळ सांगा, कंसात का होईना.

मराठीत लिहा. शब्द अडला तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, सर्व्हर सर्व्हरच राहू दे, पण वाक्य तुमच्या आईला फोनवर सांगाल तसं असू दे.

पायरी ९: वही ठेवा आणि मागे जा

मी साधी दोनशे पानी वही वापरतो, तुम्ही फोनमध्ये ठेवलीत तरी चालेल. प्रत्येक नोंदीपुढे "पुन्हा बघायची तारीख" लिहायची, साधारण तीन महिन्यांनंतरची. त्या दिवशी ती लिंक उघडायची आणि बाजूला लाल पेनाने लिहायचं, झालं, अजून नाही, रद्द, किंवा माझं चुकलं. पान गायब झालं असेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर सापडू शकतं, महत्त्वाची पानं तिथे आपण स्वतःही साठवून ठेवू शकतो. चूक सापडली तर जिथे चुकीचं पाठवलं तिथेच दुरुस्ती पाठवायची, जुना मेसेज गुपचूप डिलीट करायचा नाही, कारण तोवर तो कुणाच्या तरी काकांपर्यंत पोचलेला असतो.

पहिले पंधरा दिवस कोणालाच पाठवू नका, फक्त वहीत लिहा. पाच जमल्या नाहीत तर दोन लिहा. मग पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आसपास एनपीसीआयच्या साइटवर जा, मागच्या महिन्याचा यूपीआयचा आकडा कुठलीही बातमी न वाचता स्वतः उतरवा, कोटीत करा, दिवसांनी भागा, आणि मला पाठवा. तुमची पहिली लिंक ती.